सिस्टर ओर्फाचा बाप्यांचा वर्ग

ज्यांना घराबाहेर काढायचं त्यांच्याच घरी जेवायला यायचं, असला प्रकार लॉरेल नदीच्या खोऱ्यात आजवर कुणी पाहिला नव्हता. पण इलाज नव्हता. खोऱ्यातल्या सगळ्या बॅप्टिस्ट मंडळ्यांची, म्हणजे आपापला कारभार आपणच बघणाऱ्या चर्चची, मिळून एक असोसिएशन, तिची वार्षिक सभा आळीपाळीनं एकेका मंडळीकडे, आणि ही पाळी फार आधी ठरलेली. यंदा पाळी शुगर फोर्कची. आणि यंदाच्या सभेपुढचा मोठा विषय काय, तर शुगर फोर्कच्या मंडळीला असोसिएशनमधून काढून टाकायचं.

"म्हंजे आपुन चारायचं, आनि त्यांनी तोंड पुसून आपल्यालाच लाथ घालायची?" विल्मा फेल्टनर सकाळपासून हेच घोकत होती. चर्चमध्ये पियानो वाजवायची ती हीच विल्मा. तळघरातल्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना सुरी अशी चालवत होती, की बटाट्याच्या जागी कुणाचं तरी नाक असावं.

ओर्फा स्टॅम्पर कोंबडीच्या उकळत्या रश्श्यात कणकेचे गोळे सोडत होती. "उपाशी मानूस जास्त जोरात लाथ घालतो, विल्मा. मीठ दे हिकडं."

"तुला हसू येतंय?"

"न्हाई गं. मीठ आधी घातलंय का न्हाई तेच आठवंना."

खरंच आठवत नव्हतं. पण ती भीती नव्हती. शाळेच्या बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटच्या क्षणी चेंडू हवेत असतो, सगळं गाव बाकांवर उभं असतं आणि कुणीच श्वास घेत नाही, तसं ओर्फाच्या आत चाललं होतं. सगळा तमाशा तिच्या एकटीपायी होता.

ओर्फा साठीच्या पुढची. अंगानं हाडकुळी, आवाजानं मात्र दणकट. बाप कोळशाच्या खाणीत, आईनं अक्षरओळख करून दिली ती बायबलवरच. भर जानेवारीत बर्फ फोडून ओढ्यात तिचा बाप्तिस्मा झाला. वर आल्यावर दात वाजत असताना ती पहिलं काय बोलली, तर "झालं? मग आता समदं शास्त्र माझं?" हे सांगून सांगून तिची आई म्हातारी झाली. पुढं ट्रक दुरुस्त करणाऱ्या ड्यूई स्टॅम्परशी लग्न झालं. ड्यूई मनानं मऊ, कानानं जड. मूल झालं नाही. पण भावजय इस्पितळात पाळ्या करायची, म्हणून भावाचा जॅरेड ओर्फाच्याच स्वयंपाकघरात वाढला. शेंगा मोडता मोडता त्यानं बायबलमधल्या पुस्तकांची नावं पाठ केली. एक नाव चुकलं की एक शेंग तिच्या ढिगात. पोरगं इतकं जिद्दीचं की थोड्याच दिवसांत आत्याच्या ढिगात शेंगच पडेना.

वर्ग तिच्या गळ्यात पडला तो असा. रविवारी उपासनेआधी बाप्यांचा वर्ग भरायचा. तो चालवणारे ब्रदर लॉनी (मंडळीत सगळेच एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत) एका रविवारी शिकवता शिकवताच लटपटले, अर्धांगाचा झटका आला. पुढच्या रविवारी बापे येऊन बसले, पण पुढं उभं राहायला कुणी तयार होईना. कोळशाचा ट्रक चालवणारा बॅलर्ड तेव्हा नुकताच दारूतून उठलेला. तो म्हणाला, "कुनीतरी वाचा की पुढं, न्हाईतर मी चाललो." आणि तो कुठं चालला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओर्फा कॉफीची किटली घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली, पुस्तक उचललं आणि वाचलं. वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारला. बापे तासभर भांडत बसले.

मंडळीनं ठराव केला, की पुरुष सापडेपर्यंत सिस्टर ओर्फानं वर्ग सांभाळावा. दरवर्षी हाच ठराव. पुरुष सापडले नाहीत असंही नाही. सापडले, की तेच वर्गात जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या की, तीच बरी."

कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं. मग वारं फिरलं. वर देशपातळीवर मोठमोठ्या अधिवेशनांत भांडणं पेटली. बाईनं उपदेश करावा का, कोण खरा शास्त्राला धरून आहे, कोण ढिला पडलाय. ते लोण टीव्हीवरून, फोनवरून खोऱ्यात उतरलं. अंगणात लावलेल्या निवडणुकीच्या पाट्यांवरून ज्या घरांनी आधीच एकमेकांकडं जाणं सोडलं होतं, त्यांना आता भांडायला पौलाचं वचनही सापडलं. बाईनं बाप्यांना शिकवू नये, त्यांच्यावर अधिकार चालवू नये, असं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे ते. आणि हे वचन हातात घेऊन पुढं कोण आला? जॅरेड टोलिव्हर. धर्मशास्त्राच्या शाळेतून शिकून आलेला, पलीकडच्या पाइन टॉप मंडळीचा तरुण पाळक, म्हणजे धर्मगुरू. ओर्फाचा भाचा.

उन्हाळ्यात तो तिच्या पडवीत येऊन बसला होता. टोपी गुडघ्यावर, नजर जमिनीवर.

"आत्या, वर्ग सोड. बायकांचा घे, पोरांचा घे. एवढं केलंस तर मी ठराव आणत नाही."

"आनि न्हाई सोडला तर?"

"तर आणावा लागेल. शास्त्रात आहे ते आहे, आवडो न आवडो. हे तूच शिकवलंस मला."

हे लागलं. खरं होतं म्हणून लागलं. ओर्फानं पायानं झोपाळा थांबवला.

"ते वचन मी कधी खोडलं न्हाई, जॅरेड," ती म्हणाली. "त्याच्यावर बोट ठिवून रडलेसुदा. पर वर्ग मला माझ्या मंडळीनं दिलाय. काढायचा तर तिनं काढावा. दुसऱ्या मंडळीच्या पाळकानं येऊन आमच्या चुलीत फुंकर घालायची, हे बॅप्टिस्टांत कवापासनं?"

"मग एकत्र राहायचं कशाला, आत्या? काहीच एक नसेल तर?"

त्यानं टोपी घातली आणि तो गेला.

तिला झोप लागेना ती वेगळ्याच कारणानं. असोसिएशननं काढलं तर आभाळ कोसळणार नव्हतं, पण शुगर फोर्कमधल्या पोरंबाळंवाल्या घरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की तशी वेळ आली तर आम्ही पाइन टॉपला जाऊ. मंडळी आधीच मूठभर. आधीचा पाळक सोडून गेल्यापासून नवा मिळत नव्हता. ही घरं गेली की चर्चला कुलूपच. म्हणजे वर्ग धरला तर मंडळी जाणार आणि मंडळी धरायची तर वर्ग सोडायचा. आणि वर्ग सोडला, तर बॅलर्ड आणि त्याच्यासारखे इतर पाचसहा बापे रविवारी कुठं बसणार?

सभा सुरू झाली. बाकं गच्च, खिडक्यांत माणसं. ज्याच्या त्याच्या मांडीवर मताचं पिवळं कार्ड. खालून रश्श्याचा आणि मक्याच्या पावाचा वास वर येऊ लागला, तशी अहवाल वाचणाऱ्याची गाडी आपोआप पळू लागली.

अध्यक्ष होते ब्रदर होबार्ट एस्टेप. पंचाहत्तरीचे, भोपळ्यासारखं तोंड, आणि गळा असा की तंबूतल्या संजीवन सभांतून त्यांनी दारुड्यांना, जुगाऱ्यांना, एकदा तर शेरीफलासुद्धा गुडघ्यावर आणलेलं. मतानं ते पक्के जुन्या वळणाचे. जॅरेडला काळजी नव्हती ती यामुळंच. आणि उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, वचनाच्या विरुद्ध कार्ड कोण वर करणार? जॅरेडच्या बाजूचे तरुण पाळक फोन काढून बसलेच होते. कुणाचं कार्ड कुठं गेलं हे संध्याकाळपर्यंत खोरंभर झालं असतं.

जॅरेडनं ठराव मांडला, आणि नीट मांडला. आवाज चढवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. "ज्या बाईनं मला प्रभूचं नाव शिकवलं तिच्याविरुद्ध मी आज उभा आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "हे मला सोपं वाटतंय असं कुणी समजू नये." ओर्फाला वाटलं, जाऊन त्याची कॉलर नीट करावी.

बॅलर्ड उठला. "मी काय शिकलेला न्हाई. माझं येवढंच म्हननं हाय, की त्या वर्गात मी दारू सोडली. बाईनं सोडवली म्हनून ती परत प्यायची का?"

हशा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर ओर्फालाच इचारा की!"

"तिनं उत्तर दिलं तर ते शिकवणंच झालं!" फोनवाल्यांपैकी एक उभा राहून म्हणाला.

ब्रदर होबार्टनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "पोरा, मी रोज सकाळी बायकोला इचारतो, माझा चष्मा कुठं हाय. ती सांगते. म्हंजे ती माझ्यावर अधिकार चालवते का?"

"चालवतेच की!" कोपऱ्यातून खुद्द मिसेस एस्टेप म्हणाल्या, आणि चर्चचं छप्पर हाललं.

हसणं ओसरल्यावर होबार्ट गंभीर झाले. "सिस्टर ओर्फा, सरळ इचारतो. वर्ग सोडता? तुमी सोडला तर ठराव इथंच संपला. मंडळी वाचली."

एका शब्दाचं काम होतं. ओर्फा उठली. बाकाची पाठ घट्ट धरली. डावीकडं शुगर फोर्कमधली पोरांना घेऊन बसलेली घरं, तिच्याकडं आशेनं बघणारी. उजवीकडं वर्गातले बापे, तिच्याकडं मुळीच न बघणारे. बॅलर्ड छताकडं टक लावून होता.

"न्हाई," ती म्हणाली. "माझ्या मंडळीनं दिलंय, माझ्या मंडळीनं मागावं. आजच्या आज मागू दे, मी वर्गाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठिवते. पर तुमी न्हाई मागायचं, ब्रदर होबार्ट. तूबी न्हाई, जॅरेड."

मग जो गदारोळ उठला! कुणी "आमेन" ओरडतंय, कुणी "हा बंडखोरपणा आहे", कुणी बाकावर चढलंय, पोरं रडायला लागली. मंडळीचा कारभार बघणारे दोघं डीकन एकमेकांच्या टायला हात घालायच्या बेतात. होबार्टनी लाकडी हातोडा आपटला, त्याचा दांडाच निघाला. शेवटी त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. दोन्ही हात वर केले आणि गरजले, "प्रार्थना करू या!"

क्षणात सगळी डोकी खाली. ही या लोकांची सवय. घर जळत असलं तरी "प्रार्थना करू या" म्हटलं की डोकी खाली.

होबार्टनी शांती मागितली, प्रेम मागितलं. आवाज हळूहळू उतरत गेला, जड झाला, आणि त्याला ती जुनी तंबूतली लय सापडली. विल्माची बोटंही आपोआप पियानोवर गेली. पापी माणसांना पुढं बोलावताना वाजवायची ती संथ चाल सुरू झाली.

"कुनी डोळं उघडायचं न्हाई," होबार्ट म्हणत होते. "कुनी हिकडंतिकडं बघायचं न्हाई. शेजारी कोन बसलंय ते इसरून जा. आता फकस्त तू आनि तुझा प्रभू. ज्यांच्या मनाला वाटतंय, की शुगर फोर्कला आपल्यातनं येगळं काढावं, त्यांनी गुमान हात वर करा."

ओर्फाच्या ध्यानात आलं. अरे देवा, हा मत घेतोय! तंबूत पाप्यांना डोळे मिटून हात वर करायला सांगतात, तसं हा मत घेतोय!

डोळे उघडावेत असं तिला वाटलं, पण उघडेनात. लहानपणापासून ही हाक ऐकलेल्या माणसाच्या पापण्या आपोआप चिकटतात. पुढच्या बाकावर जॅरेडचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. त्याचेही उघडले नसणार.

"पाहिला तुझा हात," होबार्टचा आवाज आला. "पाहिला, भावा. तिकडं खिडकीपाशी, पाहिला." असं थोडा वेळ चाललं. मग थांबलं.

"आता ज्यांच्या मनाला वाटतंय, की त्यांना ऱ्हाऊ द्यावं, त्यांनी हात वर करा."

ओर्फानं स्वतःचे हात मांडीखाली दाबले. आपल्याच खटल्यात आपण पंच कसं व्हायचं?

"पाहिला. पाहिला. व्हय सिस्टर, पाहिला. मागं, पाहिला. आरं..." होबार्ट मोजता मोजता अडखळले. "पाहिला. तुझाबी पाहिला. पाहिला, पाहिला, दमा जरा, पाहिला..." कुठंतरी कुणी हुंदका दिला. पियानोचा एक सूर चुकला. आणि त्या शांततेत ड्यूई, ज्याला स्वतःची कुजबूज कधीच ऐकू येत नसे, मोठ्यानं म्हणाला, "ओर्फा, हात कशासाठी वर करायचाय?"

"गप बसा," ओर्फा म्हणाली. हसू फुटू नये म्हणून ती ओठ चावत होती.

"आमेन," होबार्ट म्हणाले. डोळे उघडले. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय केलं हे त्यांना आत्ता कळत होतं. "ठराव पडला," ते म्हणाले.

जॅरेड उभा. "अध्यक्ष, ही नियमाची गोष्ट आहे. मोजणी कुणी पाहिलीच नाही. तुमच्यावर माझी शंका नाही, पण..."

"घे की शंका! घेन्यासारखंच केलंय मी," होबार्ट म्हणाले. "तोंडाला सवय हाय रे, पोरा. जनमभर हेच केलं. बरं, पुन्ना घेऊ. कार्डं वर, डोळं उघडं."

फोन पुन्हा वर आले. काढून टाकावं म्हणणाऱ्यांची कार्डं उठली. चांगली घसघशीत उठली, मघापेक्षा जास्त. जॅरेडचं कार्ड सगळ्यात उंच. मग होबार्ट म्हणाले, "आता ऱ्हाऊ द्या म्हननारे."

बॅलर्डचं कार्ड उठलं. एकटं. वर्गातल्या बाप्यांची उठली. मग काहीच नाही. ओर्फानं पाहिलं, माणसं मांडीवरच्या कार्डाकडं बघतायत, शेजाऱ्याकडं बघतायत. पण त्यांच्या कानात मघाचं ते "पाहिला, पाहिला" अजून घुमत होतं. इथं आपण एकटे नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त दुसरा कोण ते ठाऊक नव्हतं. आणि तेच शोधत सगळे मान वळवत होते.

पाइन टॉपचा म्हातारा डीकन अर्व्हिल, जॅरेडच्या पाठीशीच बसलेला, खोकला. "माझा हात मघाशी वर व्हता," तो मोठ्यानं म्हणाला. "आता खाली ठिवला तर प्रभूला काय तोंड दाखवू?" आणि त्यानं कार्ड वर धरलं.

"अर्व्हिल, तूबी?" बॅलर्ड ओरडला.

"मग! तुला काय वाटलं, तुझी एकट्याची मक्तेदारी?"

मग बांध फुटला. एक कार्ड, चार कार्डं, पूर्ण बाक. नवरा-बायको एकमेकांकडं पाहून "अगं, तू?" "तुमी पन?" करायला लागली. मिसेस एस्टेपनी दोन्ही हात वर केले, त्यांना एक खाली घ्यायला लावला. मोजणारे दोनदा चुकले. काठावर, अगदी थोडक्यात, पण ठराव पडला. विल्मानं कुणी न सांगता पियानोवर अशी थाप मारली की बाकं दणाणली.

गोंगाटात जॅरेड ताठ उभा होता. "मग पाइन टॉपची मंडळी या असोसिएशनमधून बाहेर पडते," तो म्हणाला.

"तू पडतोस का, आमी?" अर्व्हिलनं मागून विचारलं. "मंडळीला इचारशील की न्हाई? बुधवारी सभा हाय आपली. तिथं मांड."

जॅरेड टोपी घेऊन दाराकडं चालू लागला.

ओर्फा तशीच त्याच्या मागं धावली. आवारातल्या खडीवर तिनं त्याला ट्रकपाशी गाठलं.

"जेवून जा."

"भूक नाही."

"रागव माझ्यावर. पर जेव."

"तू चुकतेयस, आत्या." त्याचे डोळे लाल होते. "आज एवढ्या माणसांनी तुझ्यासाठी हात वर केला म्हणून वचन बदललं नाही."

"न्हाई बदललं," ओर्फा म्हणाली. "मला ठावं हाय ते."

"पुढल्या वर्षी मी पुन्हा आणणार."

"आन. मी पुन्ना न्हाई म्हननार. तू लई चांगला बोललास आज. मधी आवाज फाटला तिथं तर मलाच वाटलं, हात वर करावा तुझ्यासाठी."

त्याला हसू आलं नाही. त्यानं गाडी वळवली आणि ओढ्याच्या पुलावरून नेली. ओर्फा धूळ खाली बसेपर्यंत उभी राहिली. छाती अजून धडधडत होती. जिंकल्याची होती ती धडधड, आणि त्यातच कुठंतरी एक सुरी फिरत होती. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरी.

तळघरात जत्रा भरली होती. कुणी कुणाला वाढतंय कळत नव्हतं. मघाशी एकमेकांच्या टायला हात घालणारे डीकन आता एकाच ताटलीतली, फळं भरलेल्या गोड 'पाय'ची शेवटची फोड अर्धी अर्धी करत होते. ब्रदर होबार्ट भेटेल त्याला सांगत होते, "तोंडाला सवय, बाबा, तोंडाला सवय." आणि बॅलर्ड टेबलावर बुक्की मारून विचारत होता, "उद्याचा धडा कुटला, सिस्टर ओर्फा?"

"तीमथ्याचं पत्र, दुसरा अध्याय," ओर्फा म्हणाली. "समदा. आनि कुनी गैरहजर ऱ्हायचं न्हाई."

बापे एकमेकांकडं बघू लागले. जॅरेडचं ते वचन त्याच अध्यायात होतं.

तेवढ्यात एक तरुण बाई ताटली धरून तिच्याजवळ आली. पाइन टॉपची. मागं नवरा, तो ट्रकवाल्यांसारखे काळे हात खिशात लपवत उभा.

"सिस्टर ओर्फा," ती हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांना तुमच्या वर्गात आलं तर चालंल का? रविवारी आमी हिकडंच येऊ म्हनतो."

ओर्फानं त्या पोराकडं पाहिलं. डाव रश्श्यात बुडवला, दोन मोठे गोळे बाईच्या ताटलीत घातले, वर रस्सा ओतला.

"नको," ती म्हणाली. "तुमी तुमच्या पाळकाकडंच जा. लई चांगलं शिकवतो तो. मीच शिकवलाय त्याला."